जानरावांच्या देवघरातली बाटली

१

इंझोरीचे जानराव भरल्या घरात पाटावरून उठता उठता कोसळले, आणि त्यांच्या सालदाराच्या बायकोला पोलिसांनी खुनासाठी धरून नेलं. ही बातमी घेऊन तो सालदार वाशीमला माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मी नाक दाबून औषध पीत होतो.

औषध कसलं, सजा! एकोणीसशे एकोणसाठ साल ते. डॉक्टर बाहेतींनी मला रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली होती. मुंबईहून यायची, नखाएवढी, गिळली की झालं. पण तिच्या जोडीला ही बाटली! खारट, कडवट, घोट घेतला की तासभर तोंड वाकडं. बाटली आपली आपण धुऊन न्यायची, कंपाउंडर त्यात मोठ्या बरणीतलं पाणी ओतायचा आणि डोसांची कागदी पट्टी चिकटवायचा. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. "भोयरसाहेब, बाटली चुकवायची नाही आणि चिडायचं नाही." बाटली मी सांभाळत होतो. न चिडण्याचं मात्र आयुष्यभर फौजदारी केलेल्या माणसाला सांगू नये. मी चिडतो. चिडण्यासारखं असतं म्हणून चिडतो.

एकदा कामरगावला लेकीकडे गेलो असताना बाटली संपली. गोळी चालूच होती. चार-सहा दिवसांत पोटऱ्यांत असे गोळे यायला लागले की मी अंथरुणात बोंबललो. छातीत ठोका चुकायचा, मग दोन ठोके एकदम यायचे. परत आलो तर बाहेती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. तेव्हापासून मी बाटलीला शिव्या देतो, पण पितो.

तर दारात जानरावांचा सालदार उदयसिंग, बंजारा तांड्यावरचा. उंच, पागोटं नीट बांधलेलं, डोळे सुजलेले.

"फौजदारसाहेब, माह्या सोनीबाईले सोडवा."

"तिनं मारलं का त्याला?" मी तोंडावर विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

त्यानं मान वर केली. "मारायचं असतं तं दर हप्त्याले मोटरीत धक्के खात त्याईची दवा काहून आनली असती तिनं?"

"पोट तपासायला नागपूरला पाठवलं असेल ना? काय निघालं?"

"काईच नाई निंगालं. कागद आला. जहर नाई म्हनते."

"मग सोडली का नाही?"

"जमादार म्हनते, नागपूरवाल्यायले ओळखू नाई आलं, म्हंजे ते तांड्यावरचंच जहर असन."

मी हातातला पेला जमिनीवर आपटला. विष सापडलं तर बाई गुन्हेगार, आणि नाही सापडलं तर जास्तच गुन्हेगार! अरे, डोकं गहाण ठेवून आलात का रे ठाण्यात? माझी कानशिलं तापली. बायको आतून ओरडली, "अहो, बाहेती काय म्हणालेत!" मी कोट चढवला.

२

इंझोरीकडच्या ठाण्यातला जमादार एके काळी माझ्याच हाताखाली शिपाई होता. मला पाहून तो उठला, पण जागा सोडली नाही.

"साहेब, उद्या अकोल्याले नेतो तिले. मोठे साहेब कबुली घेतीन."

"कबुली घेतील म्हणजे मारतील."

तो कोठडीचं कुलूप काढायला वळला.

सोनीबाई कोठडीच्या कोपऱ्यात बसली होती. पस्तिशीची असेल. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत, काचोळीवरचे आरसे मळलेले. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, तीही माझ्यासारखीच चिडलेली होती.

"लिहून घ्या काय घ्यायचं ते," ती म्हणाली. "समद्यायनं एकच इचारलं, कोनतं जहर देलं. मी दवा कशी आनत होती, हे कोनी इचारलंच नाई."

"मी तेच विचारतोय. सांग."

तिनं सांगितलं ते असं. जानरावांच्या पायाला सूज यायची, दम लागायचा. डॉक्टर बाहेतींनी त्यांना रक्तदाबाची गोळी दिली, हृदयाची दुसरी गोळी दिली आणि बाटली दिली. सुरुवातीला औषध धाकटा सावत्र भाऊ रामकिसन आणायचा. जानराव सुधारले, शेतात फिरायला लागले. दसऱ्याच्या सुमारास दोघा भावांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि रामकिसननं त्या घराचा उंबरठा सोडला. सोनीबाई दर आठवड्याला डिंक विकायला वाशीमच्या बाजारात जायची. जानराव म्हणाले, "सोनी, येता येता माही दवा आनत जाय."

"डाक्टरनं मले तीनदा सांगितलं, बाटली सांभाळ, बाटली मुख्य हाय. मोटरीत मी ते पोटाशी धरून बसत होती. माह्या पोराले असं नाई धरलं कधी."

"दिलीस कुणाच्या हातात?"

"चतुराबाईच्या. जानरावाची मोठी बहीन. बालविधवा हाय, घर तिच्याच हातात. मी ओट्याखाली उभी राहो, त्या वरून घेत."

"आणि जानराव?"

तिचा आवाज खाली आला. "खचत गेले. पाय उचलत नव्हते. मी म्हनो, डाक्टरले दाखवा. ते म्हनत, दवा तं चालूच हाय, सोनी."

बाहेर आलो तर जमादार वाटच पाहत होता.

"साहेब, तुमीच सांगा. रामकिसन आनत होता तवर म्हातारा टुणटुणीत. हिनं आनाले सुरुवात केली अन् आडवा झाला. दवा तेच, डाक्टर तोच. बदलला फक्त हात. मंग?"

त्याचं म्हणणं खरं होतं, याचाच मला जास्त राग आला.

३

वाशीमला परतून मी थेट बाहेतींच्या दवाखान्यात घुसलो.

"तुमच्या गोळ्या बदलल्या असतील का कुणी?"

"जप्त केलेल्या गोळ्या पोलिसांनी मलाच दाखवल्या. माझ्याच आहेत. मोजूनही बरोबर." बाहेतींनी चष्मा काढला. "भोयरसाहेब, शेवटी शेवटी त्यांना काय होत होतं, ते मला कुणी नीट सांगितलंच नाही. तुम्हाला काही कळलं?"

सोनीबाईकडून आणि उदयसिंगकडून ऐकलेलं मी सांगितलं. पायांत जोर नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे. छातीत धडधड, मध्येच ठोका गायब. मग त्या सकाळी देवाला हात जोडून पाटावरून उठले आणि कोसळले, पुन्हा श्वासच नाही.

बाहेतींचा चेहरा उतरला. "हे तर तुम्हाला कामरगावला झालं होतं तेच. फक्त तुम्ही वाचलात."

"मला समजेल असं सांगा."

"रक्तदाबाची गोळी अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढते. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम नावाचा क्षारही वाहून जातो. हृदयाचा ठोका नेमानं पडायला तो क्षार लागतो. तो कमी झाला की ठोका चुकायला लागतो. तुम्हाला एकच गोळी आहे. जानरावांना हृदयाचीही गोळी होती, आणि क्षार कमी पडला की तीच गोळी उलटते. तारणारी असते ती मारणारी होते. म्हणून तर ती बाटली! गेलेला क्षार ती भरून काढते."

"म्हणजे बाटली न पिता दोन्ही गोळ्या घेतल्या तर?"

"तर मी दिलेल्या औषधानंच माणूस मरेल. आणि नागपूरला पोटात विष सापडणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण साहेब, त्यांनी बाटली घेतली. एकही डोस चुकला नाही. दर आठवड्याला रिकामी बाटली माझ्याकडे येत होती."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंझोरीत होतो. जमादाराला निरोप ठेवला होता की अकोल्याला जायच्या आधी बाईला घेऊन जानरावांच्या घरी यायचं. तो येईपर्यंतच काय तो वेळ माझ्या हातात होता.

अंगण शेणानं सारवलेलं, स्वच्छ. न्हाणीच्या मोरीशी एक वासरू दावं ताणून भिंतीचा खालचा दगड चाटत होतं. हुसकलं तरी पुन्हा तिथेच.

आधी रामकिसन भेटला. चाळिशीचा, मिशा झुकलेल्या. भाऊ गेल्यावर तो आता घरी येत होता.

"धुऱ्यासाठी तू भाऊ मारलास म्हणतात लोक," मी म्हणालो.

"लोकायच्या तोंडाले काय झाकन हाय!" तो उसळला. "दसऱ्यापासून मी ह्या घराचं पानी नाई पेलो. भाऊ गेला तवा खांदा द्याले आलो, थेच पह्यल्यांदा. इचारा सोजरले."

सोजरबाई म्हणजे जानरावांची सून. नवरा गेलेली, डोक्यावर पदर, आवाज बारीक. तिनं मान हलवली. "खरं हाय. काकाजी नाई आले. मामंजीले दवा मीच देत होती. सकाळी दोन गोळ्या अन् बाटलीतला डोस."

"घ्यायचे का नीट?"

"पह्यले लय तमाशा करत. काकाजी आनत होते तवा. बाटली पाहिली का शिव्या! थुंकून टाकत, मंग मी हात जोडो, तवा पेत." ती किंचित हसली आणि लगेच सावरली. "मंग सुधरले. आवडीनं पेत. म्हनत, बाहेतीनं आता गोड केली दवा, अक्कल आली त्याले."

माझं डोकं ठणकायला लागलं. गोड? मी त्याच दवाखान्यातली तीच बाटली रोज पीत होतो. त्या सकाळीही प्यायलो होतो, आणि जिभेवर अजून तो खार होता.

"बाटली कुठंय?"

"देवघरात. आत्याबाई तिथंच ठेवत होत्या. पोलिसायलेबी त्याईनं तिथं जाऊ नाई देलं."

देवघराच्या दारात चतुराबाई बसल्या होत्या. साठीच्या, पांढरं लुगडं, हातात जपमाळ. भावाचं नाव काढलं तसे त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. खोट्या नव्हत्या. इतकी वर्षं मी खोटे अश्रू पाहिलेत.

"आई मेली तवा तो रांगत होता," त्या म्हणाल्या. "म्या वाढवला त्याले. अन् त्या लमाणीनीनं खाल्ला."

"तिच्या हातून तुम्ही काहीच घेत नसाल मग."

"डिंक घेत होतो. पुड्या घेत होतो गोळ्यायच्या. कोरड्याले काय होते? कोरडं चालते. मोहफुलाच्या दिवसायत मधाचं मडकं आनलं होतं तिनं, थे म्या परत पाठवलं."

"बाटली पाहू."

क्षणभर जपमाळ थांबली. मग त्यांनी बाटली काढून दिली. डोसांची पट्टी अजून चिकटलेली, तळाशी दोन घोट उरलेले. मी बूच काढलं आणि जिभेवर थेंब घेतला.

साखरेचं पाणी होतं.

५

अंगणात जमादार सोनीबाईला घेऊन आला होता. मागे उदयसिंग, आणि भिंतीपलीकडे अर्धं गाव. सोनीबाईच्या हातांना दोर होता. मी बाटली जमादाराच्या तोंडाला लावली, मग खिशातून माझी काढून तिचाही एक घोट दिला. तो खोकत थुंकला.

"हे काय हो साहेब!"

"हे डॉक्टरचं औषध. आणि ते जानरावांनी महिनोन्महिने घेतलेलं. कुणीतरी खरं औषध ओतून साखरपाणी भरलं. क्षार मिळाला नाही आणि गोळ्या चालू राहिल्या. हृदयाचे ठोके चुकत गेले आणि माणूस मेला. विष नव्हतंच. विष शोधणाऱ्यांना काय सापडणार, डोंबल?"

जमादाराचे डोळे चमकले. "मंग हिनंच वाटेत ओतलं! नाई तं ह्या रामकिसननं!"

रामकिसन शिवी हासडून पुढे आला.

"थांब!" मी ओरडलो. "रामकिसन दसऱ्यापासून घरात आला नाही. बाटली त्याच्या हाती लागायची कशी? सोजरबाईनं ओतलं असतं, तर मामंजी आवडीनं पीत होते हे तिनं मला स्वतःहून कशाला सांगितलं असतं? आणि सोनीबाईनं वाटेत ओतलं असतं, तर ते वाशीमच्या रस्त्यावर सांडलं असतं. ते वासरू बघ."

सगळ्यांनी पाहिलं. वासरू मोरीचा दगड चाटतच होतं.

"जनावर उगाच दगड चाटत नाही. खारट लागतंय म्हणून चाटतंय. बाटली याच घरात, याच मोरीत रिकामी झाली. दर आठवड्याला."

मी दगडाला बोट लावून जिभेवर ठेवलं. तीच ओळखीची, मेली, कडू खारट चव.

"आता मला एवढंच सांगा," मी देवघराच्या दाराकडे वळलो. छातीत धडधडत होतं, पण थांबणं शक्य नव्हतं. "जिला ओट्यावर पाय ठेवू देत नाहीत, जिचा मध परत जातो, तिनं पोटाशी धरून आणलेलं पाणी देवाच्या शेजारी बसलं कसं? चतुराबाई, ते तिनं आणलेलं पाणी नव्हतंच. म्हणून ते तुमच्या देवघरात चाललं."

भिंतीपलीकडच्या माना पुढे झुकल्या.

चतुराबाई उठून ओट्यावरच्या दारात आल्या. त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट थोडा ताठाच होता.

"हो, म्या ओतलं. मंग? पुड्या कोरड्या होत्या, थ्या ठेवल्या. दवा तं गोळ्यायतच रायते. बाटलीत नुसतं पानी. तिच्या हातचं ओलं मी भावाच्या तोंडात कशी घालू? रामकिसन आनत होता तवा नाई ओतलं म्या. बाटली राखेनं घासो, अन् साखर घालून चांगलं काशीचं गंगाजल टाको थोडं थोडं. त्याले नाई सांगितलं, भडकला असता. थो हे काही मानत नव्हता." त्यांचा श्वास लागला. "गंगाजलानं कोनी मरते का?"

"गंगाजलानं नाही मेला," मी म्हणालो. "तुम्ही ओतलंत त्यात त्याचा जीव होता. ही बाई तो दर आठवड्याला मोटारीत धक्के खात, पोटाशी धरून तुमच्या दारापर्यंत आणत होती. तुम्ही तो मोरीत ओतलात. आणि तो मेल्यावर तिच्याच हातांना दोर बांधायला लावलात."

माझ्या तोंडून हे असं, सगळ्या गावासमोर निघालं. हळू सांगता आलं असतं. मला हळू सांगायचं नव्हतं.

त्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा मोरीकडे. मग त्या दाराला धरत धरत खाली बसल्या.

"ज्यानू," त्या म्हणाल्या. "ज्यानू माहा. मले म्हने, अक्का, पायात जोर नाई गं. मी म्हनो, दवा घे बाप्पा, दवा घे."

सोजरबाई तोंडात पदर कोंबून भिंतीशी उभी होती. जमादार माझ्या कानाशी आला.

"साहेब, कलम कोनतं लावू?"

"तुझ्या पुस्तकात असेल तर शोध!" मी खेकसलो. "आधी त्या बाईचा दोर सोड, गाढवा! तांड्यावरचं विष म्हणे! विष तांड्यावर नव्हतं. ते कुठं आहे हे तुलाही माहीत आहे आणि या भिंतीपलीकडच्यांनाही. तुमच्यातल्या कुणाच्या घरात ते नाही, बोला!"

दोन-चार जण हळूच मागे सरकले. उदयसिंगनंच दोर सोडला. सोनीबाईच्या मनगटांवर वळ उठले होते.

चतुराबाईंचा जीव घाबराघुबरा झाला होता. डोळे फिरत होते, हात हवेत चाचपडत होते. "पानी," त्या म्हणाल्या. "पानी द्या वं कोनी."

सोजरबाई हलली नाही. रामकिसन खाली बघत होता. पाण्यानं भरलेला तांब्या ओट्याच्या कडेला होता आणि सर्वांत जवळ सोनीबाई उभी होती. तिनं सवयीनं तांब्या उचलला आणि दोन पावलं पुढे टाकली. ओट्याच्या पायरीशी आली आणि थांबली.

तिनं तांब्यातल्या पाण्याकडे पाहिलं, मग चतुराबाईकडे.

"कशी देऊ, माय?" ती म्हणाली. "ओलं हाय."

तांब्या तिनं पायरीवर ठेवला, जोरात नाही, नीट ठेवला. मग उदयसिंगबरोबर ती अंगणाबाहेर पडली. गावानं त्यांना वाट करून दिली.

चतुराबाई सरकत सरकत पायरीशी आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तो तांब्या उचलला आणि सगळ्यांच्या देखत, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत ते पाणी प्यायल्या.